डाव्या हाताचे माप

अट्रॅक्टा किलकॉइन यांच्या घरात वजनकाटा नव्हता. घड्याळ होते, पण ते बसायच्या खोलीत, स्वयंपाकघरातून दिसत नसे. पाव भट्टीतून कधी काढायचा हे त्या पाव उलटा धरून, त्याच्या बुडावर बोटाच्या पेराने ठोकून ठरवत. आतून पोकळ आवाज आला की झाला. स्लायगो परगण्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या उतारावर, लिसगॉर्टीन नावाच्या नऊ घरांच्या वाडीत त्या सत्तेचाळीस वर्षे राहत होत्या आणि रविवार सोडून रोज एक सोड्याचा पाव भाजत होत्या. रविवारी शनिवारचा खात.

रीत साधी होती. उजव्या हाताने सात मुठी मैदा मोठ्या मातीच्या भांड्यात घ्यायचा. चिमूटभर मीठ. मग डावा तळहात पुढे करून त्यात खायचा सोडा ओतायचा, तळहातावरून आडव्या जाणाऱ्या मधल्या रेघेपर्यंत, आणि उजव्या अंगठ्याने चोळून त्यातल्या गाठी मोडायच्या. गाठ राहिली तर पावात पिवळा ठिपका पडतो, आणि तो ज्याच्या तोंडात जातो तो आठवडाभर विसरत नाही. मग मैद्यात खळगा करून ताक ओतायचे, बोटे पसरून एकाच दिशेने हात फिरवायचा, गोळा जमला की थांबायचे. मळायचे नाही. मळणाऱ्या बाईचा पाव दार उघडे राहावे म्हणून टेकू लावायला बरा, असे अट्रॅक्टाबाईंची आई म्हणत असे. वरून सुरीने खोल क्रूस कापायचा आणि भट्टीत सारायचा.

हे माप आईनेच दिले होते. अट्रॅक्टा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारले, "आई, माझा हात तर लहान आहे, मग सोडा कमी नाही का पडणार?" आई म्हणाली, "मूठही लहानच आहे ना तुझी? दोन्ही हात बरोबर वाढतील. तू कशाला काळजी करतेस?"

दोन्ही हात बरोबर वाढले. त्यात बासष्ट वर्षे काही अडचण आली नाही.

मंगळवार, २२ जुलै १९८० रोजी सकाळी अट्रॅक्टाबाई कोंबड्यांना दाणे घालायला गेल्या आणि खुराड्यापुढच्या ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्या. डावे मनगट मोडले. शेजारचा थेडी गिलमार्टिन आवाज ऐकून धावला. थेडी अडुसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, एक गाढव आणि आठ एकरांचा धनी, आणि गेली तीस वर्षे रोज दुपारी चारला अट्रॅक्टाबाईंच्या चुलीपाशी चहाला येणारा. त्याने त्यांना उठवून बसवले आणि पहिला प्रश्न केला, "कोणता?"

"डावा."

"मग नशीब समज, बाई."

हॉस्पिटलात नर्सही तेच म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणाले. संध्याकाळी शहरातून मुलगा फिंटन आला, तोही खुर्ची ओढता ओढता म्हणाला, "डावा आहे म्हणून ठीक, आई. पुढच्या वेळी कंबर असेल."

फिंटन एकुलता एक. वडील डॉमनिक सात वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तो दर हिवाळ्याच्या तोंडाशी एकच गोष्ट काढत असे, आणि आज जुलैतच काढली.

"आमच्याकडे चल. खोली रिकामी आहे. बटण दाबलं की सगळं घर गरम होतं."

"मी काय अंड्यातून आत्ता निघालेलं पिल्लू आहे, ऊब द्यायला?"

"मग कधी येणार आहेस, ते तरी सांग. एक दिवस सांग."

हात ठणकत होता आणि अट्रॅक्टाबाईंना राग आला होता. सहा खाटांची ती खोली; पाचही बायका कान देऊन ऐकत होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "ज्या दिवशी मला माझा पाव भाजता येणार नाही, त्या दिवशी येऊन बसते तुझ्या गाडीत. हॉर्नसुद्धा वाजवावा लागणार नाही तुला."

फिंटन म्हणाला, "बोललीस हं."

"बोलले."

पाचांपैकी एक बाई लिसगॉर्टीनच्या पलीकडच्या वाडीची होती. तिला भेटायला माणसे येत. दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या वाडीला हा करार तोंडपाठ झाला.

प्लास्टर सहा आठवडे होते. त्या काळात फिंटनची बायको कार्मेल मंगळवारी आणि शुक्रवारी पंचवीस मैलांवरून येऊन आठवड्याचा पाव भाजून जाई. कार्मेल शहरात वाढलेली, औषधाच्या दुकानात अर्धा दिवस कामाला. पहिल्या दिवशी अट्रॅक्टाबाई खुर्चीत बसून हुकूम देत होत्या.

"हात पुढे कर. तो नाही, डावा." त्यांनी उजव्या हाताने पुडा कलता करून सुनेच्या तळहातात सोडा ओतला, नजरेने ढीग पाहिला आणि पुडा उचलला. "इतका."

"इतका म्हणजे किती, आई?"

"इतका म्हणजे इतका. दिसतोय ना?"

कार्मेल म्हणाली, "जरा उजेडात गाठी बघते," आणि पाठ करून खिडकीशी गेली. क्षणभराने परत आली. दर खेपेला ती तशी खिडकीशी जात असे. अट्रॅक्टाबाईंना वाटले, शहरची मुलगी, डोळे अधू असतील.

कार्मेलचा पाव चांगला होत असे. अट्रॅक्टाबाई तिला "खाववतो" एवढेच म्हणाल्या.

शुक्रवार, ५ सप्टेंबरला प्लास्टर निघाले. आतला हात साल काढलेल्या फांदीसारखा पांढरा आणि बारीक झाला होता. बोटे हलत होती. अट्रॅक्टाबाईंनी घरी येऊन कोट काढला, चुलीत टर्फची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, दोन ढेपळे टाकली आणि कोणालाही न बोलावता पाव घातला.

पाव फुगला बरा. पण कवच नेहमीपेक्षा काळपट झाले, कापला तर आतून पिवळसर निघाला, आणि वास आला तो नुकत्याच धुतलेल्या पायरीचा. त्यांनी एक काप खाल्ला आणि उरलेला झाकून ठेवला. पहिलाच दिवस, म्हणाल्या मनाशी.

दुसऱ्या दिवशी तसाच झाला. सोमवारचाही.

सोडा जास्त झाला आहे हे कोणत्याही बाईने वासावरूनच ओळखले असते, तसे त्यांनीही ओळखले. पण सोडा त्या रेघेपर्यंतच घेत होत्या, कणभर पुढे नाही. तेव्हा दोष दुसरीकडे असला पाहिजे. प्रथम त्यांनी ताकाला धरले. ताक ब्रीजी मॅक्गोल्ड्रिककडून येई. वाडीच्या नाक्यावर तिचे घर, पुढच्या खोलीत टपाल आणि किराणा, मागच्या खोलीत लोण्याची घुसळण. ताक पुरेसे आंबट नसेल तर सोडा मागे राहतो. अट्रॅक्टाबाईंनी ताक दोन दिवस ठेवून आंबवले. फरक पडला नाही. मग मैदा बदलला. मग भट्टीच्या धुराड्यात ब्रश घालून काजळी काढली. मग बाजाराच्या गावी बसने जाऊन दुसऱ्या दुकानातून सोड्याचा नवा पुडा आणला. प्रत्येक बदलानंतर एक पाव. बिघडलेले पाव कोंबड्यांच्या चाऱ्यात कालवून जात होते.

हाताचा संशय त्यांना आला नाही. हात आपलाच.

थेडी रोज चारला येत होता. दोन काप घेई आणि "झकास" म्हणून उठे. त्यामुळे त्यांना कधी कधी वाटे, आपलीच जीभ म्हातारी झाली असेल.

त्यातच घरच्या मिस्सेची पाळी आली. लिसगॉर्टीनमध्ये वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, पाळीपाळीने एकेका घरी फादर येऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली पवित्र उपासना, करतात, आणि नंतर सगळी वाडी त्या घरी न्याहारी करते. नऊ घरे, त्यामुळे पाळी साडेचार वर्षांनी येते. तेवढ्यासाठी घराला चुना लागतो, खिडक्यांना रंग लागतो, ठेवणीतल्या कपबश्या बाहेर निघतात. किलकॉइनांच्या घरची मिस्सा गुरुवार, १६ ऑक्टोबरला ठरली होती. त्या दिवशी तीस माणसे त्यांचा पाव खाणार होती, आणि त्यांत फिंटनही असणार होता.

रविवारी, ५ तारखेला, फिंटन आणि कार्मेल जेवायला आले. जेवणानंतर चहा झाला. फिंटनने पावावर बोटभर जाडीचा मुरंबा थापला, खाल्ला, आणि म्हणाला, "छान झालाय, आई."

 कार्मेल सुरीने आपल्या कापाचे बारीक तुकडे करत राहिली. मग विचारले, "मिस्सेला माणसं किती येतील, आई?"

"तीस."

"मी शहरातून चार-पाच पाव घेऊन येऊ का? कमी पडायला नकोत."

"माझ्या घरच्या मिस्सेला दुकानचा पाव?"

"उरला तर कोंबड्यांना घालू."

"माझ्या कोंबड्या दुकानचं खात नाहीत," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या. हे खोटे नव्हते. कोंबड्या महिनाभर काय खात होत्या ते फक्त सांगितले नाही.

निघताना फिंटन दारात घुटमळला. "आई, ते हॉस्पिटलात तू बोलली होतीस..."

"आठवतंय मला. मनगट मोडलं होतं, डोकं नाही."

"मिस्सा होऊन जाऊ दे. मग बघू. खोली आहेच."

गाडी वळणाआड गेल्यावर अट्रॅक्टाबाईंनी टेबल आवरले. कार्मेलच्या बशीच्या कडेखाली पावाचे तुकडे सारलेले होते. त्यांनी मोजले. नऊ होते.

सोमवारी सकाळी त्या चुन्याचा ब्रश मागायला थेडीच्या घरी गेल्या. थेडी गोठ्यात होता. गाढव भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि त्याच्या पुढ्यातल्या लाकडी पेटीत लोणी लावलेल्या पावाचे सहा-सात काप पडले होते. एकालाही तोंड लागलेले नव्हते.

"थेड्या, हे काय?"

"काय?"

"हे. या पेटीत."

थेडीने पेटीत पाहिले, जणू तीही पहिल्यांदाच दिसते आहे. "पाव दिसतो."

"कोणाचा?"

"आता तुला खरं सांगू का खोटं?"

"तुझं खोटं मला कळतं. तीस वर्षं ऐकतेय."

"तुझा आहे, अट्रॅक्टा."

"माझा पाव तू गाढवाला घालतोस?"

"घालतो. ते खातंय कुठे? पहिल्या दिवशी हुंगलं आणि मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"आणि रोजचं 'झकास'?"

"पहिला घास खातो, तेव्हा म्हणतो. बाकीचं कोटाच्या खिशात. खिशाला आता साबणाचा वास येतो, बाई. परवा चर्चमध्ये ब्रीजी शेजारी बसली होती. म्हणाली, थेडी, कपडे धुतलेस वाटतं? जन्मात पहिल्यांदा तिनं माझी स्तुती केली."

अट्रॅक्टाबाई हसल्या नाहीत. "तोंड नव्हतं तुला? सांगायचं नाही?"

"काय सांगू? अट्रॅक्टा, तुला आता पाव येत नाही, असं? आणि दुसऱ्या दिवशी फिंटनची गाडी दारात? मग मी चार वाजता जाऊ कुठे? या गाढवाकडे?" थेडीने दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिले. बोलायचे की नाही असा विचार करून बोलला. "मी एकटाच नाही. ब्रीजीकडे सगळ्यांचं ठरलंय. मिस्सेच्या दिवशी दिलेला काप प्रत्येकानं संपवायचा. फिंटनसमोर कोणी तोंड वाकडं करायचं नाही. ब्रीजी म्हणते, चहात बुडवला की गिळता येतो."

अट्रॅक्टाबाई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. ताक देताना ब्रीजी हल्ली डोळ्यांत बघत नव्हती, ते त्यांना आता आठवले.

"मी सोडा जास्त घेत नाही," त्या म्हणाल्या. "रेघेपर्यंत घेते. नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

"हात दाखव."

त्यांनी दाखवला. थेडीने आयुष्यभर गाढवांचे खूर आणि मेंढ्यांचे पाय हातात घेऊन पाहिले होते. त्याने त्यांचा डावा हात तसाच घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबले, मग उजवा घेऊन दाबले. पेटाऱ्यातून ओटचे दाणे काढले, डाव्या तळहातात रेघेपर्यंत ओतले आणि पिंपाच्या झाकणावर पालथे करायला लावले. मग उजव्यात, तिथल्या रेघेपर्यंत. शेजारी दुसरा ढीग. डाव्या हाताचा ढीग दीडपट होता.

सहा आठवडे प्लास्टरात राहून अंगठ्याखालचे मांस झडले होते. रेघ होती तिथेच होती, पण तिच्या आतला खळगा खोल झाला होता. उजव्या हाताच्या सात मुठी मात्र होत्या तेवढ्याच. दोन्ही हात बरोबर वाढतील, आई म्हणाली होती. एकट्याचे झडले तर काय, ते तिने सांगितले नव्हते.

"डावाच आहे म्हणून नशीब," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या.

"मी काय, सगळेच म्हणत होते."

"सगळेच गाढव."

"त्याला नको यात ओढू," थेडी म्हणाला.

दोष कळला, पण माप हातात आले नाही. सोडा किती घ्यायचा हे त्यांनी कधी तळहाताबाहेर पाहिलेच नव्हते. मंगळवारी अंदाजाने कमी घेतला. पाव चपटा आणि ओलसर, विटेसारखा झाला. बुधवारी थोडा वाढवला, पुन्हा साबण. नजरेला ढीग आठवत होता, पण तो भरल्या तळहातातला. बशीत ओतला की त्याचा आकारच ओळखू येईना.

बुधवारी दुपारी खिडकी पुसताना त्या एकाएकी थांबल्या. ऑगस्टमध्ये या घरात पाव बिघडला नव्हता. सोडा त्यांनीच ओतला होता, पण कार्मेलच्या भरल्या हातात. आणि कार्मेल दर खेपेला याच खिडकीशी येत होती. डोळे अधू असलेली मुलगी औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरे कशी वाचेल?

विचारायचे म्हणजे सांगावे लागणार. सुनेला सांगितले म्हणजे मुलाला सांगितल्यासारखेच. मग मिस्सेपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. फिंटन शनिवारीच गाडी घेऊन आला असता. सगळा गुरुवार त्यांनी घराला चुना लावण्यात घालवला. संध्याकाळपर्यंत पुढची भिंत संपली आणि विचारही संपला. शुक्रवारी, १० तारखेला, त्या ब्रीजीच्या टपालात जाऊन फोनपाशी उभ्या राहिल्या.

"ब्रीजी, बाहेर बघ जरा, कोणी आलंय का."

"कोणी आलेलं नाही."

"तरी बघ."

ब्रीजीने पाठ केली. फोन कार्मेलनेच उचलला.

"आई? काय झालं? पडलात का?"

"पडले नाही. माझा पाव बिघडलाय."

"रविवारी मी खाल्ला की," कार्मेल म्हणाली.

"तू नाही खाल्लास. बशीखाली सारलास. नऊ तुकडे."

"मग काय करणार होते मी? सुनेनं सासूच्या पावाला नाव ठेवायचं, तेही तिच्याच टेबलावर, नवऱ्यासमोर?"

"आता ठेव."

"साबण," कार्मेल म्हणाली.

"बरं. आता मला एक सांग. तू सोडा घेऊन खिडकीशी कशाला जायचीस?"

"रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"तुमच्या खणात एक दांडी वाकलेला चहाचा चमचा आहे. तुम्ही ओतलात की मी त्यात घालून बघायचे आणि मग मैद्यात टाकायचे. मी औषधाच्या दुकानात काम करते, आई. 'इतका' म्हटलं की माझा हात आपोआप चमच्याकडे जातो. एक चमचा. वरून सुरी फिरवून सपाट. बस, तेवढाच."

"म्हणजे सहा आठवडे तू माझ्यावर पहारा ठेवलास."

"ठेवला. आणि एकदाही चुकला नाहीत तुम्ही. सुरीला कणभर लागायचं नाही वरचं. आमच्या दुकानातसुद्धा असं माप कोणाला जमत नाही."

अट्रॅक्टाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "फिंटनला सांगशील?"

"काय?"

"हेच. मला येत नव्हतं ते."

कार्मेलचा आवाज खाली आला. "आई, स्पष्ट बोलू का? फिंटनला वाटतं तुम्ही आलात की सगळे सुखात राहू. तो सकाळी आठला जातो, सहाला येतो. दुकानातला माझा अर्धा दिवस सोडला तर मधला सगळा वेळ घरात आपण दोघी. मी धुतलेली भांडी तुम्ही एका हातानंसुद्धा परत धुता. सहा आठवडे बघितलंय मी. तुम्ही मला आवडता, खरंच आवडता. पंचवीस मैलांवरून फार आवडता."

अट्रॅक्टाबाईंना हसू आले, आणि ते महिन्याभरात पहिल्यांदाच आल्यामुळे मोठ्याने आले. गल्ल्यामागे ब्रीजीही हसली, म्हणजे ती बाहेर बघत नव्हती.

चमचा खणातच होता, दोऱ्याच्या रिळांखाली. त्या संध्याकाळचा पाव आतून पांढरा निघाला आणि त्याला पावाचा वास आला. अट्रॅक्टाबाईंनी एक काप फडक्यात गुंडाळला आणि सरळ थेडीच्या गोठ्यात नेला. गाढवाने हुंगला, थोडे थांबले, आणि खाल्ला.

थेडी दारात उभा राहून बघत होता. "आणि मला?"

"तुला उद्या चारला. खिसे शिवून ये."

गुरुवारी मिस्सा झाली. फादर मलरेनन यांची न्याहारी आतल्या खोलीत, उकडलेल्या अंड्याबरोबर. बाकीची वाडी स्वयंपाकघरात, पुरुष नेहमीप्रमाणे दाराशी उभे. अट्रॅक्टाबाईंनी पहाटेपासून सहा पाव काढले होते. ब्रीजीने फोनची बातमी घरोघर पोचवली होती, पण वाडीने सावधपणा सोडला नव्हता. पहिला काप हातात येताच सगळ्यांनी तो चहात बुडवला. किटल्या फिरवता फिरवता अट्रॅक्टाबाई बघत होत्या. पहिला घास गेला. दाराशी उभ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. दुसरा काप कोणी बुडवला नाही. आतून फादरांनी तिसरा मागितला.

फिंटन चुलीपाशी उभा राहून खात होता. मुरंब्याची बरणी शेजारीच होती. त्याने ती उघडली नाही.

"छान झालाय, आई," तो म्हणाला. अगदी रविवारच्याच आवाजात.

दुपारपर्यंत माणसे गेली. अट्रॅक्टाबाई कपबश्या धूत होत्या, कार्मेल पुसत होती, फिंटन बाके उचलून बाहेर नेत होता. कोणी काही विचारले नव्हते. त्या गप्प राहिल्या असत्या तरी चालले असते. पण दिलेल्या शब्दाचा हिशेब मनात तसाच पडून राहिला की त्यांना झोप लागत नसे.

"फिंटन, बस जरा. मी हॉस्पिटलात जे बोलले होते त्याबद्दल. ५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर मला पाव येत नव्हता. एकही धड झाला नाही."

फिंटनने बायकोकडे पाहिले. कार्मेल एकच बशी पुसत राहिली होती.

"माहितीय," तो म्हणाला. "खाल्लाय मी."

"म्हणजे बोलल्याप्रमाणे त्या दिवसांत मी तुझ्या गाडीत बसायला हवं होतं."

"हवं होतंच. मग?"

"मग काय? गाडी घेऊन तू एकदाच आलास, त्या रविवारी. या टेबलावर बसून माझा पाव खाल्लास आणि म्हणालास, छान झालाय. मला तर वाटत होतं बिघडलाय. पण माझा मुलगा छान म्हणतोय, तर मी त्याला खोटा पाडू?"

कार्मेलने फडके तोंडाला लावले. ती खोकते आहे असे भासवत होती, पण खांदे हलत होते.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?" फिंटनने तिला विचारले.

"मी भांडी पुसतेय," कार्मेल म्हणाली.

शेवटी ठरले ते एवढेच: खुराड्यापुढच्या फरशीला फिंटनने लोखंडी कठडा बसवायचा, आणि नाताळात आईने तीन दिवस त्यांच्याकडे राहायला यायचे. तीनच, हे दोघी बायकांनी एकदमच म्हटले. कठडा पुढच्या शनिवारी बसला. तो जरा तिरका आहे, पण पक्का आहे.

अट्रॅक्टाबाई त्या घरात आणखी नऊ वर्षे राहिल्या. पुढची पाळी १९८५ च्या वसंतात आली तेव्हाही पाव त्यांचाच होता.

वाकलेला चमचा त्या शुक्रवारपासून सोड्याच्या डब्यात राहू लागला. पण सोडा त्या अजूनही आधी डाव्या तळहातातच घेत, रेघेपर्यंत, मग चमच्यात ओतत आणि वरचा सुरीने डब्यात परत पाडत. रोज किती पडतो ते बघत. नाताळापर्यंत जवळजवळ अर्धा चमचा पडत होता. फेब्रुवारीत चिमूटभर. सोमवार, १६ मार्च १९८१ रोजी त्यांनी सुरी फिरवली आणि डब्यात काहीच पडले नाही.

त्यांनी तळहात झटकला आणि चमचा पुसून पुन्हा डब्यातच ठेवला. कार्मेल आली की तिला लागतो.